आधी वही, मग मीठ

संकट सांगून येत नाही, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. हे वाक्य पहिल्यांदा उच्चारणारा गृहस्थ भामरागडला गेलेला नसावा. भामरागडात संकट सांगून येते, बहुतेक दरवर्षी येते, आणि एखाद्या पावसाळ्यात आलेच नाही तर ठरलेला पाहुणा न आल्यासारखे लोकांना चुकल्याचुकल्यासारखे वाटते.

चंद्रपूरहून निघून बल्लारपूर, गोंडपिपरी, आष्टी, आलापल्ली अशी गावे मागे टाकली, की दोन्ही बाजूंचे जंगल हळूहळू अंगाशी येऊ लागते. मग हेमलकसा लागते. बाबा आमट्यांनी १९७३ साली सुरू केलेला लोकबिरादरी प्रकल्प तो इथलाच. तिथून पुढे पर्लकोटा नदी आणि नदी ओलांडली की भामरागड. या गावाला एकट्या पर्लकोटेची सोबत पुरेशी वाटली नसावी, म्हणून पामुलगौतम आणि इंद्रावती या दोघीही शेजारीच येऊन मिळाल्या आहेत. त्रिवेणी संगमावर स्नान करणाऱ्याला कोणते पुण्य लाभते हे शास्त्रात सविस्तर सांगितले आहे. संगमाच्या काठी किराणा दुकान टाकणाऱ्याला काय लाभते याबद्दल शास्त्र गप्प आहे. माझ्या मेव्हण्यांचे तिथे किराणा दुकान आहे.

इंद्रावती ही मोठ्या घरची बाई. ओडिशातल्या कालाहंडीत जन्मली, बस्तर ओलांडून इकडे आली. ती फुगली की पर्लकोटेला पुढे सरकू देत नाही. मग साहेब आत मीटिंगमध्ये असले म्हणजे बाहेर बाकड्यावर माणसे जशी पसरतात, तशी पर्लकोटा मागे पसरते. आणि मागे नेमकी बाजारपेठ. त्यामुळे पाऊस पडतो बस्तरात आणि पोती उचलली जातात भामरागडात. कित्येकदा वर लख्ख ऊन पडलेले असते आणि खाली दुकानदार गुडघाभर पाण्यात! नदीवरचा जुना पूल उंचीने ठेंगणा. तो बुडाला, की दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात ‘शंभरावर गावांचा संपर्क तुटला’ ही बातमी. पूर्वीचे खिळे जुळवायचे छापखाने असते, तर हा मथळा त्यांनी जुळवूनच ठेवला असता.

आता आमच्या चिरंजीवांविषयी. ते पुण्यात एका कॉम्प्युटर कंपनीत आहेत. तिथे ते ‘डिझास्टर रिकव्हरी’ पाहतात. म्हणजे काय, हे मी त्यांना तीनदा विचारले आणि तिन्ही वेळा मला निराळे उत्तर मिळाले. शेवटी माझ्या परीने मी अर्थ लावला तो असा, की कंपनी बुडाली तर ती पुन्हा वर कशी काढायची, याचा विचार ती कोरडी असतानाच करून ठेवणे. या विचाराबद्दल दरमहा जो पगार मिळतो, तो ऐकून आमचे मेव्हणे काही वेळ बोललेच नाहीत.

मग म्हणाले, “मले एक सांगा जी भाचेबुवा, पूर आलाच नाई तं पगार कापते का?”

“नाही मामा. उलट पूर आला आणि आम्ही सावरू शकलो नाही, तर कापतील.”

“मंग नोकरी चांगली हाये. आमाले पूर आला तरी आमीच आन् नाई आला तरी आमीच.”

आमच्या विदर्भात मामाने भाच्याच्या पाया पडायची रीत आहे. ज्याला कडेवर घेऊन बाजार दाखवला, त्याच्यापुढेच पुढे वाकायचे. त्यामुळे भाच्याने मामाच्या दुकानासाठी बेचाळीस पानांचा आपत्ती आराखडा तयार करून आणला, तेव्हा ‘हे काय खूळ’ असे म्हणायची सोय मामांना नव्हती. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि गल्ल्याशेजारी लक्ष्मीच्या तसबिरीपाशी ठेवला. चिरंजीवांना तो वाचून दाखवायचा होता. आम्ही सगळे त्या दिवाळीत तिथे होतो. पळून जायला वाट एकच, आणि बस दुसऱ्या दिवशी सकाळची.

पहिले प्रकरण धोक्यांच्या यादीचे. ‘तुमच्या व्यवसायावर कोणकोणती संकटे येऊ शकतात?’ चिरंजीवांच्या तक्त्यात आग, भूकंप, चोरी, सायबर हल्ला अशी मंडळी होती. मामांनी त्यात आपली भर घातली. पूर, वीज, पुरानंतर आठ दिवस नसलेली वीज, टॉवर, पडलेले झाड, वाघ.

“वाघ कसा काय?”

“रस्त्यावर वाघ दिसला का त्या दिवशी बाजाराले कोनी येत नाई. वाघ दुकानात याले नाई पाह्यजे. नुसता दिसला तरी धंदा बसते.”

वहिनींनी आतून आठवण केली, “हत्ती लिवा.” हेही खरेच. छत्तीसगडातून रानटी हत्तींचा कळप २०२१ च्या ऑक्टोबरात गडचिरोली जिल्ह्यात आला आणि धानाची चव आवडल्यामुळे परत जायचे त्याच्या लक्षात राहिले नाही. माझा स्वतःचा विम्याशी थोडा परिचय असल्याने मी माहिती पुरवली, की आगीच्या विम्याची जी जुनी ठरावीक पॉलिसी होती, तिच्यात वाहन किंवा जनावर धडकून झालेले नुकसान धरलेले असे. अट एवढीच, की ते जनावर विमेदाराच्या मालकीचे नसावे. “नाई जी,” मामा गंभीरपणे म्हणाले, “हत्ती आपला नाई.”

तुम्ही म्हणाल, ही जंगलातल्या गावाची गोष्ट झाली. शहरात असे काही नसते. आम्हा चंद्रपूरकरांनाही तसेच वाटत असे. गावाभोवती गोंडराजांचा परकोट, जटपुरा, पठाणपुरा असे भरभक्कम दरवाजे, वर औष्णिक वीज केंद्राचे धुरांडे. आम्हाला पाण्याची भीती कसली? पण २०२२ च्या जुलैत इरई धरणाचे दरवाजे उघडावे लागले आणि रहमतनगरासारख्या नदीकाठच्या वस्त्यांत घराघरांत पाणी शिरले. त्याच्या दोन वर्षे आधी, २०२० च्या ऑगस्टअखेर, वडसा-ब्रह्मपुरीकडे पाऊस उघडल्यावर पूर आला. मध्य प्रदेशात शिवनी जिल्ह्यातल्या संजय सरोवराचे पाणी सुटले, ते गोसीखुर्दला आले. गोसीखुर्दला तेहतीस दरवाजे, ते उघडले आणि वैनगंगा काठ सोडून गावांत शिरली. ज्यांचा तांदूळ गेला त्यांच्या डोक्यावर आभाळ निळेभोर होते. दक्षिणेला सिरोंच्याकडे तर गोदावरीचे नाव अजूनही लोक जरा आवाज खाली करून घेतात. खाली तेलंगणातल्या भद्राचलमला तिची पातळी १९८६ च्या ऑगस्टमध्ये ७५.६ फुटांवर गेली होती, आणि २०२२ च्या जुलैत ७१.३ फुटांवर. म्हणजे छत्तीस वर्षांपूर्वीची खूण म्हाताऱ्यांच्या गप्पांपुरतीच उरली असे जे समजले, त्यांचे समजणे चार-साडेचार फुटांनी चुकले.

तेव्हा चिरंजीवांचे म्हणणे चूक नव्हते. चूक असलीच तर भाषेत होती. दुसऱ्या प्रकरणात त्यांनी दोन प्रश्न घातले होते. पहिला, बंद पडल्यापासून किती वेळात धंदा पुन्हा सुरू झाला पाहिजे? दुसरा, मागचे किती काम पुसले गेले तर परवडेल? दिवसाचे, आठवड्याचे, की महिन्याचे? या दोन्ही प्रश्नांना इंग्रजीत भारदस्त नावे आहेत, आणि त्यांवर म्हणे परिषदा भरतात.

पहिल्याचे उत्तर मामांकडे तयार होते. “पानी उतरते तवा उतरत्या पान्यासंगंच चिखल ढकलत न्याचा. वाळला का मंग कुदळ लागते. तिसऱ्या दिवशी दुकान उघडलंच पाह्यजे. सगळं नाई. मीठ, काडीपेटी, तेल, मेनबत्ती. लोकायच्या घरचंही तेच भिजलं राह्यते.”

चिरंजीव लिहायचे थांबले. ‘अत्यावश्यक सेवा आधी’ हे समजावून सांगायला त्यांच्या कंपनीने एका तज्ज्ञाला परदेशातून बोलावले होते.

मग मामांनी उचलायचा क्रमही सांगितला. मीठ आणि साखर सगळ्यांत आधी, कारण ते विरघळते आणि विरघळलेल्याचा पंचनामा होत नाही. त्यानंतर तांदूळ आणि डाळी. साबण, वह्या, काडेपेट्या वरच्या फळीवर. तेलाचे बंद डबे भिजत नाहीत, पण तरंगतात. ते दोरीने एकत्र बांधायचे, नाहीतर शेजाऱ्याच्या दुकानातून परत मागून आणावे लागतात. खिळे, कुदळी, साखळ्या जागच्या जागी. “आन् या सगळ्याच्या पयले,” मामा म्हणाले, “वही.”

इथे विम्याचे प्रकरण आले. पुरासाठी विमा मिळतो, आणि तो घ्यावा. याबद्दल दुमत नाही. १ एप्रिल २०२१ पासून तर लहान धंद्यांसाठी सोप्या ठरावीक पॉलिसीच आल्या आहेत. एका ठिकाणी पाच कोटींपर्यंतची मालमत्ता असेल तर ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ आणि पाच ते पन्नास कोटी असेल तर ‘भारत लघु उद्यम सुरक्षा’. पाच कोटींच्या धंद्याला सरकारदरबारी सूक्ष्म म्हणतात हे ऐकून मामांनी आपल्या दुकानावरून नजर फिरवली. “मंग आपलं दुकान पाहाले त्या शाळेतलं ते नळकांडं लागन,” असे ते म्हणाले. सूक्ष्मदर्शक त्यांना म्हणायचे होते.

मामांचा विमा होता. एका वर्षी पूर आला, दावा दाखल झाला, आणि नुकसान पाहायला एक साहेब निघाले. कंपनीचे नाव सांगत नाही. साहेब भले होते. पण पूल बुडालेला, रस्त्यावर झाड, आलापल्लीला मुक्काम. असे करत ते पोचले तेव्हा आठ-दहा दिवस झाले होते. वहिनींनी तोवर दुकान सारवून, रांगोळी काढून लख्ख केले होते. साहेबांनी चष्मा पुसला आणि विचारले, “पाणी कुठपर्यंत होते?” मामांनी भिंतीवरची रेघ दाखवायला हात वर केला, तर त्या भिंतीला आदल्याच दिवशी चुना लावलेला! तेव्हापासून मामा पाणी उतरले की आधी फोटो काढतात आणि मग वहिनींच्या हातात झाडू देतात. हा नियम बेचाळीस पानांत नव्हता. तो मामांनी घालून घेतला.

पण खरी गंमत पुढेच आहे. विम्याच्या त्या जुन्या पॉलिसीत न धरलेल्या वस्तूंची एक यादी असे. हस्तलिखिते, नकाशे, दस्तऐवज, नाणी, नोटा, धनादेश आणि हिशेबाच्या वह्या. यांची खास नोंद करून घेतली नसेल तर भरपाई नाही. हस्तलिखितांविषयी माझी तक्रार नाही. माझ्या हस्तलिखितांबद्दल संपादकांचेही तेच मत आहे. परंतु हिशेबाची वही? तांदूळ गेला, विमा आहे. साखर गेली, विमा आहे. छप्पर उडाले, विमा आहे. कोणी किती नेले आणि कोण किती देणे लागतो, हे गेले तर मात्र विमा कंपनी नम्रपणे हात जोडते. आणि भामरागडातल्या दुकानात माल थोडा आणि वही मोठी.

कारण इथला व्यवहारच उधारीचा. पावसाळ्यात माणसाच्या हातात पैसा नसतो. धान घरात यायला दिवाळी उजाडते, तेंदूपत्त्याचे पैसे मे महिन्यानंतर. मधल्या काळात मीठ, तेल, औषधाची गोळी, पोरांच्या वह्या हे सगळे ‘लिहून ठेवा’ वर चालते. दुकानदार आलापल्लीच्या ठोक व्यापाऱ्याकडून उधार आणतो, तो चंद्रपूरहून उधार आणतो. चंद्रपूरवाला कोणाकडून उधार आणतो ते मला माहीत आहे, पण तो आमच्या गल्लीतला असल्यामुळे लिहीत नाही. तर ही अशी साखळी. तिची एक कडी पाण्यात गेली, की एका दुकानदाराचे नुकसान होऊन भागत नाही. पुढच्या पावसाळ्यात त्याला कोणाला उधार देता येत नाही आणि नदीपलीकडच्या एखाद्या घरात मीठ नसते.

२०१९ च्या पावसाळ्यात भामरागडात पाणी एकदा नाही, पुन्हा पुन्हा आले. सप्टेंबरातल्या एका रात्री ते नेहमीच्या खुणेला थांबलेच नाही. मामांची वही पत्र्याच्या पेटीत, पेटी सगळ्यांत वरच्या फळीवर. आजवर तिथे पाणी कधी पोचले नव्हते, म्हणून ती जागा सुरक्षित. ‘आजवर’ हा शब्द फार घातक आहे. निम्मे धंदे त्या शब्दावर उभे असतात. सकाळी पेटी सापडली ती दोन दुकाने सोडून. आत वही होती. निळी शाई होती. पण शाई वहीवर नव्हती, पेटीभर होती.

मामांनी ती वही चुलीपाशी पान पान सोडवून वाळवली. वहिनी सांगतात, चार दिवस ते जेवले नाहीत. मामा म्हणतात, “जेवलो. तिच्या ध्यानात नाई.”

आणि मग पाणी ओसरून वाटा मोकळ्या झाल्यावर माणसे येऊ लागली. कोणी पायी, कोणी डोंग्यातून. आपापले खाते आपणच सांगू लागली. एक माडिया म्हातारा तर दोरीला मारलेल्या गाठी घेऊन आला. एक गाठ म्हणजे एक पायली मीठ. गाठी मोजल्या, तर मामांना आठवत होते त्यापेक्षा दोन जास्तच भरल्या. सगळेच आले असे नाही. काही आले नाहीत. काहींना अर्धेच आठवले. एका कार्यालयातले बदलून गेलेले एक गृहस्थ होते. त्यांचे खाते सगळ्यांत लांबलचक होते आणि त्यांची स्मरणशक्ती सगळ्यांत आखूड निघाली. पण वर्षअखेर हिशेब केला तेव्हा उधारीचा मोठा भाग परत आलेला होता. आलापल्लीच्या शेठनेही आपली वही उघडून दाखवली आणि माल सोडला.

हे ऐकून झाल्यावर चिरंजीवांनी शेवटचे प्रकरण काढले. पीटर क्रोघ नावाच्या अमेरिकन छायाचित्रकाराने रूढ केलेला तीन-दोन-एकचा नियम. महत्त्वाच्या माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि त्यांपैकी एक तरी दुसऱ्या गावी असावी. “म्हणजे मामा, एकाच संकटात सगळ्या प्रती जाऊ नयेत.”

“बराबर हाये,” मामा म्हणाले. “आमी तसंच करतो.”

“तसंच म्हणजे?”

मामांनी गल्ल्याखालून लाल वही काढली, ही एक. वहिनींनी फोन दाखवला. रोज रात्री दुकान बंद झाले की त्या दिवसाच्या पानाचा फोटो काढायचा आणि नेटवर्क असेल तेव्हा पुण्याला आमच्या सुनबाईंकडे पाठवायचा, ही दोन. आमच्या सुनबाई गेली कित्येक वर्षे भामरागडच्या मीठ-तेलाचा हिशेब सांभाळत आहेत ही गोष्ट चिरंजीवांना तेव्हा कळली. मग मामांनी खिशातून एक बोटभर वही काढली, पोरे शाळेत लपवून ठेवतात तसली. “आन् हे तीन. हरेक गिऱ्हाइकाले एक देल्ली. माल नेला का माह्या वहीत लिवाचं आन् त्याच्या वहीत लिवाचं. तो घरी नेऊन आड्याले खोचून ठेवते.”

चिरंजीव गप्प झाले. मी मनात मांडणी करून पाहिली. लाल वही भामरागडात, फोटो पुण्यात, आणि तिसरी प्रत जंगलातल्या गावोगावच्या झोपड्यांच्या आड्यांत. ही सगळी एकदम बुडवायची तर इंद्रावती, पर्लकोटा, पामुलगौतम आणि मुळा-मुठा यांना एकाच रात्री बैठक घ्यावी लागेल.

“आणि तुमच्या हापिसाचा प्लान कुठी ठेवला राह्यते जी?” मामांनी सहज विचारले.

चिरंजीव चहाच्या कपात बघत म्हणाले, “सर्व्हरवर.”

“आन् तो सर्व्हर बुडाला तं?”

याचे उत्तर मिळाले नाही. पुढच्या महिन्यात पुण्यात त्यांच्या कंपनीने तो आराखडा छापून प्रत्येक जबाबदार माणसाच्या घरी एकेक प्रत ठेवल्याचे मात्र कळले. सूचना कोणाची, हे तिथे कोणाला सांगितले नसावे.

त्या रात्री मामा-भाच्यांनी बसून बेचाळीस पानांचे एक पान केले. ते आता दुकानाच्या दाराच्या आतल्या बाजूला डकवलेले आहे. पायरीवरच्या दगडाला पाणी लागले की उचलायला सुरुवात, विचारायला थांबायचे नाही. आधी वही, मग मीठ-साखर, मग धान्य. तेलाचे डबे बांधायचे. पोती कोणाच्या घरी न्यायची त्याचे नाव, आणि ते घर बंद असेल तर दुसऱ्याचे. जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा क्रमांक १०७७, ठोक व्यापाऱ्याचा क्रमांक, विम्याचा क्रमांक. उतरल्यावर आधी फोटो, मग झाडू. दरवर्षी मृगाच्या आधी एकदा सगळे करून पाहायचे. ‘निर्णय कोणी घ्यायचा’ या रकान्यात मामांनी आपले नाव लिहिले होते. सकाळी पाहतो तो त्यावर काट मारून वहिनींचे नाव घातलेले. अक्षर मामांचेच होते.

उरलेल्या एक्केचाळीस पानांचे काय झाले, असे कोणी विचारील. कागद उत्तम होता, पाठकोरा होता. वहिनींनी त्याच्या हळदीच्या पुड्या बांधल्या. परवा फोनवर सांगत होत्या, कोणत्याशा गावचा एक शाळकरी पोरगा पुडीचा कागद घेऊन परत आला आणि विचारू लागला, “मामी, यात काय लिवलं हाये?” वहिनींनी त्याला सांगितले, “तुह्या बाची वही आड्याले हाये ना? तेच लिवलं हाये.”